दाण्यावर कोण आलं, कोण येऊन गेलं : रानातल्या पाखरांसाठी टॅग रीडर बनवायची सगळी रीत

पाषाण तलावाच्या कडेला गवताचं बी टिपणाऱ्या मनोल्यांचा थवा बघितला असेल तर तुम्हाला माहितीय, वीस-तीस पक्षी एकदम उतरतात, पाच मिनिटं टिपतात आणि भुर्रकन उडून जातात, आणि आपण वही-पेन घेऊन बसलो असलो तरी वहीत शेवटी एवढंच राहतं की मनोल्या आल्या, मनोल्या गेल्या. त्यातली कुठली रोज येते, कुठली दोन दिवसाआड, कुणाला बाकीच्या हाकलतात, कुठली पहाटे सगळ्यात आधी उतरते, यातलं काहीच डोळ्यांना कळत नाही कारण सगळ्या सारख्याच दिसतात. हे कळून घ्यायचं असेल तर प्रत्येक पक्ष्याला नंबर पाहिजे, म्हणजे अंगावर नंबरवाला बारका टॅग, आणि तो नंबर माणसाशिवाय वाचणारं यंत्र, म्हणजे टॅग रीडर, दाण्यापाशी पाहिजे. ते यंत्र पुण्यात बसून, बुधवार पेठेतल्या सामानात बनवता येतं. मी गेली काही वर्षं वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना असे रीडर बनवायला मदत करतोय, तेव्हा जे जे हाताला लागलं ते सगळं इथे एकत्र लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. रीडर बनवणं अवघड नाही. रीडरनं काय वाचलं नाही हे कळणं अवघड आहे. टॅग वाचला गेला नाही म्हणजे पक्षी आला नाही असं होत नाही, आणि हा फरक ज्याला सांगता येत नाही त्याचा सगळा डेटा वाया.

टॅग म्हणजे नेमकं काय

ऑफिसच्या दारावर कार्ड टेकवतो ना, तेच. टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या कॉइलमधून १२५ किलोहर्ट्झची लहर सुटते, टॅगच्या आतल्या बारक्या कॉइलमध्ये त्यातून वीज तयार होते, चिप जागी होते आणि ती आपल्या कॉइलवरचा भार कमी-जास्त करून आपला नंबर सांगते. बॅटरी नसल्यामुळे टॅग पक्ष्याच्या आयुष्यभर चालतो, आणि बॅटरी नसल्यामुळेच तो काही सेंटिमीटरवरूनच वाचता येतो. म्हणून हे तंत्र पक्षी कुठे उडाला हे शोधायला उपयोगाचं नाही, पण जिथे तो परत परत येतो अशा जागेसाठी, म्हणजे दाण्याचा फीडर, पाणवठा, घरट्याचं तोंड, याहून स्वस्त आणि याहून नेमकं काही नाही. कमी फ्रिक्वेन्सीमुळे पाणी आणि अंगातलं मांस आडवं आलं तरी फार फरक पडत नाही. धातू मात्र याचा शत्रू, त्याबद्दल पुढे.

१९८० च्या दशकात अमेरिकेत कोलंबिया नदीतल्या सामन माशांवर हे टॅग वापरायला सुरुवात झाली. पक्ष्यांकडे बघायचं तर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात टिट जातीच्या पक्ष्यांवर झालेलं काम जरूर वाचा. तिथे काही मोजक्या पक्ष्यांना एक सरकतं दार एका बाजूनं ढकलून किडा मिळवायला शिकवलं, जंगलात सोडलं, आणि ती युक्ती कुणाकडून कुणाकडे गेली हे दाण्यापाशी बसवलेल्या टॅग रीडरनं नोंदवलं. २०१५ मध्ये ते छापून आलं. एकाच प्रकारच्या खाण्यात एका भागातले पक्षी डावीकडून ढकलणार आणि दुसऱ्या भागातले उजवीकडून, म्हणजे पक्ष्यांतही चालीरीती असतात, हे त्या नुसत्या नंबर आणि वेळेच्या नोंदींतून बाहेर आलं. मला आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

टॅग घेताना लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. बाजारात दोन जाती आहेत, १२५ किलोहर्ट्झवाली ईएम४१०० आणि १३४.२ किलोहर्ट्झवाली, जी कुत्र्या-मांजरांना मायक्रोचिप म्हणून डॉक्टर टोचतात. बाहेरून दोन्ही तांदळाच्या दाण्यासारख्या काचेच्या नळ्या, काही फरक दिसत नाही, पण एकीचा रीडर दुसरी वाचत नाही. मी इथे सांगतोय तो आरडीएम६३०० मॉड्यूल, म्हणजे रीडरचं तयार सर्किट, फक्त ईएम४१०० वाचतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये आधीच १३४.२ चे टॅग लावलेले असतील तर त्यासाठी डब्ल्यूएल-१३४ सारखा वेगळा मॉड्यूल घ्या, बाकीची सगळी रीत तीच राहते.

वजनाचं गणित करा आणि प्रामाणिकपणे करा. टॅग, कडी, गोंद सगळं मिळून पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे, हा सर्वसाधारण मानला जाणारा नियम आहे. चिमणी साधारण २५ ग्रॅमची, तिला पाऊण ग्रॅम चालतो. मनोली १३ ग्रॅमच्या आसपास, तिला ०.४ ग्रॅमच्या आत बसवावं लागतं. १२ मिमीचा काचेचा टॅग साधारण ०.१ ग्रॅमचा आणि ८ मिमीचा त्याहून बराच हलका, त्यामुळे पायातल्या कडीत बसवला तर दोघींनाही जमतो. खारीसारख्या प्राण्यात तो कातडीखाली खांद्यांच्या मधे टोचतात आणि ते काम प्रशिक्षित माणसाचं किंवा पशुवैद्याचंच आहे, यूट्यूब बघून करायचं नाही.

आधी परवानगी, मग सोल्डरिंग

हे मधेच घुसवलेलं नाही, खरंच आधी हेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पकडणं आणि सापळा लावणं येतं. म्हणजे तुम्ही प्रेमानं चिमणी जाळ्यात धरली, पायात कडी घातली आणि सोडली तरी परवानगीशिवाय ती कायद्यानं शिकारच. संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, महाराष्ट्रासाठी ते ऑफिस नागपूरला आहे, आणि अर्ज सहसा एखाद्या संस्थेमार्फत जातो. वेळ लागतो, महिने धरून चाला. पक्ष्यांना कडी घालण्याचं काम देशात वर्षानुवर्षं मुंबईची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, करत आलीय, त्यांच्याकडून हे हातानं शिकलेलं माणूस तुमच्या टीममध्ये असलंच पाहिजे. कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीचीही मंजुरी घ्या.

पण तोपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. रीडर बनवणं, टेबलावर टॅग फिरवून बघणं, आणि पाळीव कोंबड्यांवर चाचणी घेणं याला वन्यजीव परवानगी लागत नाही, आणि खरं सांगायचं तर हे सगळं आधी न करता जे थेट रानात जातात त्यांचा पहिला सीझन वाया जातोच.

सामान कुठून

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि तिच्या आसपास बहुतेक सगळं मिळतं, जे नाही ते ऑनलाइन. लागणार काय तर आरडीएम६३०० मॉड्यूल, अर्ड्युइनो प्रो मिनी ३.३ व्होल्टवाला (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), डीएस३२३१ घड्याळाचा मॉड्यूल, मायक्रो एसडी कार्डाचा मॉड्यूल, एक पी-चॅनल मॉसफेट (वीज चालू-बंद करायला), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर, एमपी१५८४ चा बक कन्व्हर्टर (१२ व्होल्टचे ५ करायला), आणि यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी. कॉइलसाठी ३२ गेजची वाइंडिंग वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते, पाव किलोत कितीतरी कॉइल होतात. टॅग मात्र ऑनलाइनच मागवा आणि आल्या आल्या सगळेच्या सगळे वाचून बघा, एखाद-दुसरा मुका निघतो.

घड्याळात काटकसर करू नका. डीएस१३०७ थोडा स्वस्त पडतो पण तापमान बदललं की भरकटतो, आणि पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि एप्रिलच्या दुपारी डब्यात ५० च्या वर हे एकाच यंत्राला सोसायचं असतं. डीएस३२३१ वर्षाला साधारण एका मिनिटाच्या आत चुकतो. त्याच्या निळ्या स्वस्त मॉड्यूलमध्ये एक खोड आहे, नाणं सेल चार्ज करायची वाट दिलेली असते आणि आपण टाकतो तो सीआर२०३२ सेल चार्ज करायचा नसतो, ५ व्होल्टवर चालवलं तर तो फुगू शकतो. त्या वाटेवरचा छोटा डायोड किंवा रेझिस्टर काढून टाका.

अँटेना, म्हणजे खरं काम

मॉड्यूलबरोबर एक छोटी कॉइल येते. ती कार्ड वाचायला ठीक, पण आपल्याला कॉइल फीडरच्या भोकाभोवती किंवा पक्षी बसतो त्या काडीभोवती पाहिजे, म्हणून स्वतः गुंडाळायची. मॉड्यूलवर कपॅसिटर ठरलेला असतो आणि कॉइल व कपॅसिटर मिळून १२५ किलोहर्ट्झला घुमले पाहिजेत, म्हणजे तुमच्या कॉइलचा इंडक्टन्स बरोबर आलेल्या कॉइलएवढाच यायला पाहिजे. एलसीआर मीटरनं, म्हणजे इंडक्टन्स मोजणाऱ्या यंत्रानं, आलेली कॉइल आधी मोजा आणि आकडा वहीत लिहा. मीटर नसेल तर कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये मिळेल, पाच मिनिटांचं काम आहे.

आता तुम्हाला पाहिजे त्या मापाची नळी किंवा डबा घ्या, समजा ६ सेंमी व्यासाचा, त्यावर बरोबर ५० वेढे घाला आणि मोजा. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे गणित सोपं आहे. समजा ५० वेढ्यांना ३०० मायक्रोहेन्री आले आणि तुम्हाला ५०० पाहिजेत, तर ५०० भागिले ३०० चं वर्गमूळ साधारण १.२९, गुणिले ५०, म्हणजे ६४ ते ६५ वेढे. मी नेहमी तीन-चार वेढे जास्तच घालतो, कारण काढणं सोपं आणि जोडणं त्रासाचं. वायरीवरचं इनॅमल टोकाला ब्लेडनं खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि धरल्यासारखं दिसतं पण धरलेलं नसतं, मल्टिमीटरनं बघा.

मग बारीक जुळवणी. टेबलावर पट्टी ठेवा, कॉइलच्या मध्यापासून टॅग लांब नेत कुठपर्यंत वाचतो ते लिहा, एक वेढा काढा, परत लिहा, परत एक काढा. अंतर वाढत जाईल आणि एका जागी कमी व्हायला लागेल, तिथे थांबा आणि शेवटचा काढलेला वेढा परत घाला. ऑसिलोस्कोप असेल तर हेच दोन मिनिटांत होतं पण पट्टीनंही तितकंच चांगलं होतं. हे सगळं ज्या टॅगचा वापर करणार त्याच टॅगनं करा. कार्ड ५ सेंमीवरून वाचलं म्हणून खूश होणारे खूप बघितलेत, ८ मिमीचा काचेचा टॅग त्याच कॉइलवर एक-दोन सेंमीवरच वाचला जातो कारण त्याची कॉइल इवलीशी असते.

टॅगची दिशा हा अर्ध्याहून जास्त खेळ आहे. काचेच्या नळीची लांबी कॉइलच्या भोकातून आरपार जाणाऱ्या रेषेच्या दिशेत असेल तर उत्तम वाचतो, तीच नळी कॉइलच्या मधोमध आडवी झाली तर जवळजवळ वाचतच नाही. खारीच्या पाठीतला टॅग शरीराच्या लांबीत असतो, त्यामुळे तिला नळीतून जायला लावलं आणि नळीवर कॉइल गुंडाळली की दिशा आपोआप जमते. पक्ष्याच्या पायातल्या कडीवर टॅग उभा बसतो, मग बसायच्या काडीखाली कॉइल आडवी, म्हणजे ताटासारखी ठेवायची, जेणेकरून रेषा वर जाईल. टॅग हातात धरून प्रत्येक कोनात फिरवून बघा आणि कागदावर चित्र काढा कुठे वाचतो कुठे नाही. हे चित्र पुढे फार कामाला येतं.

आणि धातू. फीडर पीव्हीसी, लाकूड किंवा बांबूचा करा. कॉइलच्या आसपास एक वीतभर तरी पत्रा, जाळी, लोखंडी खांब नको. सगळ्यात वाईट म्हणजे कॉइलला समांतर धातूची बंद रिंग. आमचा एक फीडर टेबलावर ४ सेंमी वाचत होता आणि झाडावर नेला की मुका, दोन दिवस आम्ही मॉड्यूल बदलत बसलो, शेवटी कळलं की पीव्हीसी पाइप घट्ट बसावा म्हणून लावलेली स्टीलची होज क्लिप कॉइलला अगदी चिकटून होती, ती कॉइलची सगळी ताकद खात होती. प्लॅस्टिकचे झिप टाय वापरा.

कॉइलपासून मॉड्यूलपर्यंतची वायर फूटभराच्या आत ठेवा, पिळून घ्या आणि जुळवणी करताना तीच वायर जोडलेली असू द्या. शेजारी शेजारी दोन फीडर असतील तर दोन्ही कॉइल एकाच वेळी चालू ठेवू नका, एकमेकांत गोंधळ घालतात, आळीपाळीनं चालू करा.

वीज

आरडीएम६३०० ५ व्होल्टवर साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत खातो. दिवसभर चालू ठेवायची गरज नसते. ईएम४१०० टॅगचा पूर्ण नंबर ६४ बिटांचा, एका फेरीला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, मॉड्यूलला जागं व्हायला थोडा वेळ आणि मग एक-दोन फेऱ्या ऐकायला मिळाव्यात, म्हणून सेकंदातले ०.३ सेकंद चालू आणि ०.७ बंद असं मी ठेवतो. सरासरी १५ मिलिअँपिअर झाले, बाकीच्या सर्किटचे ५ धरा, एकूण २०. सकाळी ६ ते संध्याकाळी ७ म्हणजे १३ तास, रोजचे २६० मिलिअँपिअर-तास ५ व्होल्टवर, म्हणजे १.३ वॉट-तास. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी ८४ वॉट-तासांची, तिला अर्ध्याच्या खाली उतरवायचं नाही असं धरलं आणि कन्व्हर्टरमध्ये १५ टक्के गेले तरी जवळजवळ २७ दिवस होतात. पण हे नव्या बॅटरीचं गणित आहे, दोन वर्षं जुनी असेल तर निम्मं समजा. मी दर पंधरा दिवसांनी बदलतोच. एक लक्षात ठेवा, क्षणभर येऊन एक दाणा उचलून पळणारा पक्षी असेल तर ०.७ सेकंदाची झोप त्याला चुकवू शकते, तिथे सलग चालू ठेवा आणि मोठी बॅटरी लावा.

बॅटरी वाचवायला रीडर मॉसफेटनं बंद करायचा. ३.३ व्होल्टचा पिन थेट पी-चॅनल मॉसफेटच्या गेटला जोडला तर ५ व्होल्टची लाइन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट चालूच राहते आणि बॅटरी का उतरतेय ते कळत नाही, म्हणून मधे बीसी५४७ लावायचा. मॉड्यूलचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो, तो अर्ड्युइनोत जाण्याआधी दोन रेझिस्टर लावून खाली आणा.

कन्व्हर्टरबद्दल एक अनुभव. सगळीकडे मिळणारा एलएम२५९६ चा मॉड्यूल १५० किलोहर्ट्झवर स्विच होतो, म्हणजे आपल्या १२५ च्या अगदी शेजारी, त्याचा कलकलाट कॉइलमध्ये घुसतो आणि वाचायचं अंतर घटतं. एमपी१५८४ खूप वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि रिकामा असताना वीजही कमी खातो. काही असो, अंतर आधी साध्या सेलवर मोजा, मग कन्व्हर्टर लावून मोजा, फरक पडला तर दोषी सापडला. मोबाइलची पॉवर बँक वापरू नका, करंट कमी दिसला की ती आपली आपण बंद होते.

प्रोग्राममध्ये काय काय

कोड इथे देत नाही, तर्क सांगतो, अर्ड्युइनो येणाऱ्याला तासाभराचं काम आहे. मॉड्यूल ९६०० बॉडवर १४ बाइट पाठवतो, सुरुवातीला ०२, मग टॅगची १० अक्षरं, २ अक्षरं चेकसमची (नंबर बरोबर आला का ते ताडून बघायला), शेवटी ०३. दहा अक्षरांचे पाच बाइट करून त्यांचा एक्सऑर काढायचा, चेकसमशी जुळला तरच नोंद. न जुळलेल्या वाचनांची संख्या वेगळी मोजत राहा, ती एकदम वाढली तर कॉइल ओली झालीय किंवा सोल्डर सुटतोय.

नोंदीत तारीख, वेळ, फीडर नंबर, टॅग. तासातून एकदा बॅटरीचा व्होल्टेज आणि डीएस३२३१ मधलं तापमान. ही तासाची नोंद फार महत्त्वाची, कारण टॅगच्या नोंदी नाहीत पण तासाच्या आहेत म्हणजे पक्षी आले नाहीत किंवा वाचले गेले नाहीत, आणि दोन्ही नाहीत म्हणजे यंत्रच मेलं होतं. हे वेगळं कळलंच पाहिजे. रोजची वेगळी फाइल करा, कार्ड बिघडलं तर एकच दिवस जातो. कार्डावर सगळं कच्चं वाचन ठेवा, गाळायचं काम घरी आल्यावर.

टॅगच्या नंबरापुढे एखादं अक्षर चिकटवा. हे विचित्र वाटेल पण नंबर दहा अंकी आणि त्यात कधी कधी ई हे अक्षर येतं, एक्सेल त्याला दहाचा घात समजून भलताच आकडा करून ठेवतं, सुरुवातीची शून्यं तर गिळतंच. एका मुलीचा अख्खा महिन्याचा डेटा असा खराब झालेला बघितलाय, नशीब कार्ड पुसलं नव्हतं.

डबा

आयपी६५ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा, प्लॅस्टिक जंक्शन बॉक्स, वायरी खालच्या बाजूनं ग्लँडमधून (वायरीला घट्ट धरणारं बूच), आणि डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल. आत सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर वाळवून परत. कॉइलला वार्निशचे दोन-तीन हात द्या आणि जुळवणी परत तपासा. मुंग्या आणि पाली यांना हा उबदार डबा फार आवडतो, ग्लँडभोवती सिलिकॉन भरा. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की हे पक्ष्यांच्या अभ्यासाचं यंत्र आहे, कुणाचं आहे, आणि परवानगीचा क्रमांक. टेकडीवर वायरी बाहेर आलेला डबा झाडाला बांधलेला दिसला तर कुणीही घाबरेल आणि ते बरोबरच आहे. वनरक्षकांना आणि रोज फिरायला येणाऱ्या काका-काकूंना आधी दाखवून ठेवा, तेच पुढे सगळ्यात चांगले राखणदार होतात.

डोणज्याच्या कोंबड्या

सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात ओळखीच्या एका काकूंकडे बारा गावरान कोंबड्या आहेत. त्यांच्या पायात टॅगवाल्या कड्या घातल्या आणि बाजरीच्या ताटलीसमोर रीडर लावला. दुपारी मी लॅपटॉपवर नोंदी बघत होतो, काकू भाकऱ्या करता करता म्हणाल्या, "दादा, ती पांढरी मघाशीच खाऊन गेली की, तुमच्या मशीनला दिसली न्हाई व्हय?" नोंदीत पांढरी नव्हतीच. सकाळपासून एकदाही नाही. टॅग हातात घेऊन बघितला तर छान वाचतोय. मग काकूंनीच सांगितलं, "ती एकटी कधी येतच नाही, त्या तांबडीच्या मागं मागं असती."

तिथे उत्तर होतं. ईएम४१०० टॅगला दुसऱ्याची बोलणी संपेपर्यंत थांबायची अक्कल नसते. दोन टॅग एकाच वेळी कॉइलसमोर आले की दोघं एकदम बोलतात आणि रीडरला काही कळत नाही, बहुतेक वेळा एकही वाचला जात नाही. तांबडीच्या नोंदी होत्या कारण ती एकटीही यायची. म्हणजे आमच्या डेटात पांढरी कोंबडी दाणेच खात नव्हती आणि तांबडीही आहे त्याहून कमी खात होती. रानात हेच झालं असतं तर आम्ही लिहिलं असतं की अमुक पक्षी फीडर टाळतो, आणि जोडीनं खाणाऱ्या, म्हणजे ज्यांच्यात आम्हाला सगळ्यात जास्त रस होता, त्याच पाखरांना यादीतून उडवून टाकलं असतं. काकू नसत्या तर हे कळायला मला किती दिवस लागले असते कुणास ठाऊक.

उपाय म्हणजे एका वेळी एकच तोंड आत जाईल असं भोक, दोन्ही बाजूंना लाकडी पडदे, आणि अशी चार भोकं लांब लांब, प्रत्येकाला आपली कॉइल. चिमणी-मनोलीसाठी काडी इतकी आखूड की दुसरी बसूच शकणार नाही. हे केल्यावर पांढरी दिसायला लागली.

किती सुटतंय ते मोजा

आता रानातलं. फीडर लावल्यावर पहिल्या आठवड्यात आणि मग दर महिन्याला एकदा, मोबाइल स्टँडवर लावून दोन-तीन तासांचा व्हिडिओ घ्या. पक्ष्यांच्या दुसऱ्या पायात रंगीत कड्या असतील तर व्हिडिओत ओळखता येतात. समजा व्हिडिओत टॅगवाले पक्षी ५० वेळा आले आणि रीडरनं ४३ पकडले, तर तुमची पकड ८६ टक्के. ती प्रत्येक फीडरची वेगळी काढा, कारण एक फीडर ९५ आणि दुसरा ७० असेल तर पक्ष्यांना पहिला जास्त आवडतो असा खोटा निष्कर्ष निघतो. शिवाय प्रत्येक फेरीला तुम्ही गेलात की एक खिशातला टॅग ठरलेल्या अंतरावर धरून दहा वेळा दाखवा आणि किती वाचले ते वहीत लिहा, कॉइल हळूहळू मरत असेल तर यातूनच लक्षात येतं.

आणखी एक, वाचन म्हणजे खाणं नव्हे. पक्षी काडीवर नुसता बसलेलाही असतो. दाणे रोज सकाळ-संध्याकाळ वजन करा, आणि तेवढेच दाणे जाळीबंद दुसऱ्या ताटलीत शेजारी ठेवा, कारण दमट दिवसांत बाजरी हवेतलं पाणी पिऊन जड होते आणि उन्हाळ्यात हलकी. त्या बंद ताटलीचा फरक वजा केला की खरं खाल्लेलं कळतं. ताटलीखाली लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि तो वाचणारा एचएक्स७११ मॉड्यूल लावूनही बघितलंय, पण तापमानाबरोबर आकडा सरकतो, दर काही मिनिटांनी शून्य जुळवायची सोय केली तरच लावा.

नोंदींच्या भेटी करताना

एक मनोली दोन मिनिटं बसली तर शंभर नोंदी होतात, ती एकच भेट. मग किती सेकंदांचा खंड पडला की नवी भेट धरायची? मनानं १० किंवा ३० धरू नका. एकाच टॅगच्या लागोपाठच्या नोंदींतली अंतरं काढा, त्यांचा आलेख काढा. एक मोठा ढीग दोन-तीन सेकंदांच्या आत दिसेल, ते बसल्या बसल्या हलल्याचे खंड, आणि दुसरा ढीग काही मिनिटांपाशी, ते उडून जाऊन परत आल्याचे. दोघांच्या मधल्या खोलगट जागेत रेघ मारा. प्रत्येक जातीची रेघ वेगळी येते.

दाण्याची काळजी

हे सगळ्यात शेवटी लिहितोय पण रोजचं काम हेच आहे. बाजरी, राळा चांगला, स्वच्छ घ्या. ओले, वास येणारे दाणे लगेच फेका, बुरशी आलेला शेंगदाणा तर पाखरांना विषच आहे. फीडर आठवड्याला धुवा, कडक उन्हात वाळवा, आजारी पक्षी दिसला तर सगळे फीडर बंद करा, कारण आपण एका जागी गर्दी जमवतोय आणि रोग तिथूनच पसरतो. खाली सांडलेलं रोज झाडा नाहीतर घुशी येतात. पावसाळ्यात चार महिने मी फीडर काढूनच ठेवतो.

अभ्यास संपला की फीडर एका दिवसात उचलू नका. दोन-तीन आठवडे दाणे रोज थोडे थोडे कमी करत जा, रीडर तेवढे दिवस चालूच राहू दे, आणि ज्या टॅगच्या नोंदी सगळ्यात शेवटपर्यंत येत राहतात ते नंबर वेगळे लिहून ठेवा.